दगडाचं दूध

१२ फेब्रुवारी, बुधवार

दगड मेला! मीच मारला.

आप्पा जामखेडला जाताना म्हणाले होते, "बिभ्या, वस्तऱ्याला धार लावून ठिव. रविवारी जावळ हाय." जावळ त्यांच्या मुलीच्या, स्नेहलताईच्या बाळाचं. मोबाईलवर एक जण धारेच्या दगडाला तेल चोळत होता. मीही शिलाई मशीनचं तेल ओतलं. दगड गटागटा प्याला! आता पाणी टाकलं की थेंब घरंगळतात. दूध सुटतच नाही.

दूध म्हणजे दगड झिजून पाण्यात होतो तो राखाडी गाळ. खर्ड्यात आप्पांच्या कटिंगच्या दुकानात कामाला आलो, त्या पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं होतं — "दगूड कापत न्हाई येड्या, त्याचं दूध कापतं." मी तेव्हा बाहेर झुंजणारे कोंबडे बघत होतो.

१३, गुरुवार

सोडा. गरम पाणी. ऊन. काहीच नाही.

ताईचा फोन — "मला भाऊ न्हाई. बाळाला मांडीवर तूच घ्यायचं, मामा!" मामा. मी. दोन महिन्यांच्या वर कुठं टिकलो नाही मी.

१४, शुक्रवार

किल्ल्यामागं दगड शोधायला गेलो. आधी दोन तास पोरांची मॅच बघितली — मी असाच.

तीन आणले. ओढ्यातला काळा — जन्मभर घासा, दूध नाही, पातं नुसतं चमकतं. तांबूस — लगेच दूध, पण वाळूसारखं करकरीत, धारेला दातेच पडले. तिसऱ्याचं साईसारखं मऊ! हरखलो. उलटा केला तर खरबरीत. आणि मऊ बाजूनंही दाते जाईनात. आप्पांचा दगड त्यांच्या आजोबांचा. तसला कुठून आणू?

संध्याकाळी आप्पा जामखेडहून आले. वस्तऱ्याचं पातं अंगठ्यावर धरलं. पिशवी घेऊन बाजारात गेले.

१५, शनिवार

सांगून टाकू? का शेवगावची एसटी धरू? कपडे भरले. परत काढले.

दुपारी आप्पा म्हणाले, "बस खाली. धार बघू." माझंच डोकं भिजवलं. वस्तरा कापत नव्हता, केस उपटत होता. डोळ्यांना धारा.

"वढतंय का रं?"

"न्हाई आप्पा."

"नीट सांग. उद्या लेकराचं डोस्कं हाय."

"न्हाई वढत!"

त्यांनी वस्तरा पुसला, मिटला. माझं अर्धंच डोकं झालं होतं.

१६, रविवार

बाळ माझ्याच मांडीवर दिलं. माझं अर्धं डोकं बघून हसत होतं. जुना वस्तरा आप्पांनी पेटीतून काढलाच नाही. ब्लेडचा नवा कोरा काढला. ताई म्हणाली, आप्पांनी शुक्रवारीच बाजारातून आणून ठेवलाय.

म्हणजे काल ते धार बघत नव्हते.