दम लागेल तिथं बाक

७ जानेवारी, मंगळवार
गिरिजाक्काची साखर परत वर. गोळ्या वेळेवर घेते, गोड चोरून खात नाही (सुनेची साक्ष आहे). मी नेहमीचं पालुपद लावलं: रोज अर्धा तास चालत जा. अक्का म्हणाली, "कुटं चालू गं बाई? आन दमल्यावर कुटं बसू, डांबरावर?" अकरा वर्षं या उपकेंद्रात नर्स आहे, शेकडो म्हाताऱ्यांना हेच सांगितलं असेल, आणि त्यांनी बसायचं कुठं हे एकदाही डोक्यात आलं नाही. लाज वाटली.

९ जाने., गुरुवार
स्कूटी ठेवून गावभर पायी फिरले. भूकंपानंतर नव्यानं बसवलेलं गाव. रस्ते रुंद, सरळ, घरं लांब लांब. कागदावर देखणंच दिसत असणार. पण सावली नाही, पार नाही, टेकायला साधा दगड नाही. तरण्यांना मोटरसायकली आहेत. म्हातारी माणसं आपापल्या दारात बसून, पाय सुजलेले.
अक्काला विचारलं, चालत जायचंच झालं तर कुठं जाल? क्षणभरही विचार न करता म्हणाली, "रसूलबीकडं." जुन्या गावात दोघींची भिंतीला भिंत. भिंतीतल्या कोनाड्यातून चटणी, विस्तव, गप्पा, सगळं इकडून तिकडं. नव्या गावात ज्याच्या त्याच्या जमिनीप्रमाणं घरं मिळाली. अक्का पहिल्या गल्लीत गेली, बी पार शेवटच्या. पाय चालत होते तोवर जाणं-येणं होतं. आता दोन वर्षं झाली, भेट नाही. अक्का मोटरसायकलला भिते, बीला दमा. बीचं औषधसुद्धा तिची नातसून नेते. उपकेंद्र दोघींच्या वाटेवर, म्हणजे रस्ता एकच.

१३ जाने., सोमवार
ग्रा.पं.त सिमेंटचे बारा बाक आलेत. सदस्यांची वाटणी आधीच झालेली: ज्याचा त्याच्या दारात, पाठीवर ठळक नाव. सरपंच मनीषाला भेटले. पोरगी हुशार आहे, फक्त उपसरपंच भानुदासअण्णांपुढं तिचा आवाज बसतो. म्हणाली, "सिस्टर, जागा तुम्ही सांगा. पण कारण दाखवा. नुसतं म्हणून कुणी ऐकणार नाही." बरोबर आहे तिचं. दाखवते कारण.

१४ जाने.
संक्रांत. अख्खं गाव माझ्याच पेशंटांना तिळगूळ देत सुटलंय. साखरेची तपासणी आठवडाभर बंद.

१६ जाने., गुरुवार
सकाळी अक्काला घेऊन निघाले. एका हातात तिचा हात, दुसऱ्यात फक्कीचा डबा, शाळेत कबड्डीचं मैदान आखतात तीच पांढरी भुकटी. अक्का दमून थांबेल तिथं मी रस्त्याकडेला फुली मारायची. मला वाटलं होतं पिठाच्या गिरणीपर्यंत पहिली फुली लागणार नाही. गिरणी येईतो दोन झाल्या. उपकेंद्रात बसली, पाणी प्याली, म्हणाली, चल पुढं. आणखी दोन फुल्या, आणि मग पाचवी भानुदासअण्णांच्या फाटकासमोर. तिथून पुढं पाऊल उचलेना. रिक्षानं परत आणली.

१७ जाने.
आज दुसऱ्या टोकाकडून, बीला घेऊन. "हळू चल गं बेटी, म्या काय शर्यतीत न्हाय." दोन फुल्या, आणि तिसऱ्यांदा दम लागला तो कुठं? अण्णांच्याच फाटकासमोर. कालच्या फुलीवरच तिची काठी टेकली. एकूण सात जागा. सातवी नसेल तर बाकीच्या सहांचा काही उपयोग नाही, दोघी एकमेकींपर्यंत पोचणार नाहीत.

१९ जाने., रविवार
गावात हलकल्लोळ. फुल्या बघून सगळ्यांना वाटलं अतिक्रमण काढणार. एकानं पानटपरी मागं सरकवली. सुतार म्हादूनं रस्त्यात आलेली स्वतःची पायरी घणानं फोडली. कुणीतरी आपल्या दारातली फुली पुसून शेजाऱ्याच्या दारात काढली. अण्णांनी तहसीलला फोन लावला म्हणे. जो विचारेल त्याला मी खरं सांगितलं, बाकासाठी आहे म्हणून. एकाचाही विश्वास बसला नाही. घरी हे म्हणाले, "तू नर्स आहेस की तलाठी?" पोट दुखेपर्यंत हसलो. नंतर थोडी भीतीही वाटली, वरून विचारणा झाली तर काय सांगू?

२६ जाने., रविवार
झेंडावंदन, मग ग्रामसभा. एरवी कोरमसाठी माणसं धरून आणावी लागतात, आज बसायला जागा नाही. सगळे फुल्यांची चौकशी करायला. उभी राहिले आणि सांगितलं, प्रत्येक फुली म्हणजे एका म्हातारीचा दम. हशा पिकला. म्हादू हसला नाही.
मग खरं भांडण. फुली ज्यांच्या दारात, त्यांना तिथं बाक नको. "टगे बसतील, थुंकतील. घरात लेकीसुना हायेत." हे काही खोटं नाही. मी म्हटलं, म्हाताऱ्या बसल्या की टगे आपोआप उठतात, बघा. एक सदस्य म्हणाला, "मग नाव तरी घाला आमचं." मी म्हटलं, नाव घातलं की बाक तुमचा झाला, मग परक्याची आई तिथं कशाला टेकेल?
अक्काला मुलानं जीपमधून आणलं होतं. ती बसूनच बोलली. "औषध फुकट देतासा. घरी आनून देतासा. तेवढं वाटंत बसू द्या मला. बाकी म्या बगते."
ठराव: जागा चालून ठरल्या त्याच. बाकावर कुणाचंही नाव नाही. प्रत्येकाशेजारी सावलीला एक कडुलिंब, पाणी समोरच्या घरानं घालायचं. उरलेले पाच बाक पुढच्या रस्त्यांना, तेही असंच कुणाला तरी चालवून. मनीषानं मोठ्यानं वाचला, आवाज कुठं बसला नाही. हात वर झाले. अण्णांचासुद्धा. आज मी फार खूश आहे.

५ फेब्रुवारी, बुधवार
सहा बाक बसले. सातव्या फुलीवर अण्णांच्या ट्रॅक्टरची ट्रॉली, चाकांना दगड लावून. विचारलं तर म्हणाले, "म्या कुटं न्हाय म्हनलो, सिस्टर? टायर पंक्चर हाय. ट्रॉली निगाली की बसवा." चार दिवस तेच. आज सगळी चाकं दाबून पाहिली. हवा टम्म.

११ फेब्रु., मंगळवार
अक्का आता उपकेंद्रात स्वतःच्या पायानं येते. चेहरा असा की जणू सासरहून माहेरी आलीये. साखर थोडी खाली. एका तपासणीवर मी विश्वास ठेवत नाही, पण वहीत लिहिताना बरं वाटलं. तिच्यामागं आणखी चार-पाच जण. दोन लिंब शेळ्यांनी खाल्ले, जाळ्या सांगितल्यात. गिरणीपाशी सर्वांत जास्त कोण बसतं, तर म्हादू. त्याला पायरीबद्दल अजून बोलायची सोय नाही.
मनीषा म्हणते, अण्णांना नोटीस काढू. मी म्हटलं थांब. नोटिशीनं ट्रॉली हलेल, पण मग बाकाला कुणी पाणी द्यायचं... म्हणजे लिंबाला. थकलेय.

१७ फेब्रु., सोमवार
दुपारी चारला रस्त्यावरून ओरडा. कुणी पडलं की काय म्हणून धावले. अण्णांच्या घराच्या अलीकडच्या बाकावर अक्का, पलीकडच्या बाकावर रसूलबी, मध्ये ट्रॉली. बीला नातसून धरून घेऊन आली होती. पुढं यायची ताकद दोघींतही नाही. म्हणून तिथूनच, पूर्ण आवाजात.
"बी, दमा कसा हाय?"
"तुला बगून गेला गं. गुडगं?"
"ऱ्हायल्यात कुटं."
दोन वर्षांचं साठलेलं. कोण गेलं, कुणाला नातू झाला, कुणाची सून कशी. आख्खी गल्ली दारात. मला रडू आलं, आणि ते लपवायचं कारण दिसलं नाही.
मग बीनं विचारलं, "भान्या घरात हाय का गं?"
"हाय की. झोपलाय."
"लहानपनीसुदिक दुपारचा लई झोपायचा. अंथरून वलं करून उटायचा."
फाटक उघडलं. अण्णा बाहेर आले, ट्रॉलीला हात टेकून उभे राहिले. दोघींकडं बघायचं त्यांनी टाळलं. मला हळूच म्हणाले, "सिस्टर, ह्या आता रोज येनार काय?"
म्हटलं, "रोज. मीच सांगितलंय, तब्येतीला चांगलं असतं."
ते आत गेले. ट्रॉली तिथंच आहे. सातवा बाक ग्रा.पं.च्या मागं पडून, वाळू-सिमेंट शेजारी तयार. उद्या दोघी परत चारलाच येणार आहेत. मी बीपीचं मशीन घेऊन जाईन, अण्णांचंही बघायला हवं.