छातीतल्या आठ तारा

सौंसर,
एप्रिल १९८७

प्रिय मीना,

पांढुर्ण्याला तुझ्या सासरचे सगळे बरे असतील. नसतील तर त्यांचं ते पाहतील, मी तुझ्यासाठी लिहून राहिली. चौथीपर्यंतची अक्षरं आहेत माझी. वाकडी दिसली तरी शेवटपर्यंत वाच. पहिलं बाळंतपण सासरीच करीन, असं कार्ड तू जावयांच्या हातून लिहवून धाडलंस. काहून? आई मेली का तुझी? चार महिने झाले, घरात पाय ठेवला नाहीस.

मी मेली नाही. छाती पक्की झाली. मागच्या आठवड्यात नागपूरला छातीचा एक्स-रे फोटो काढला. डॉक्टरनं ऑपरेशनात कापलेलं छातीचं हाड बोटांनी दाबून पाहिलं, मला जोरात खोकायला लावलं. हललं नाही. हाड बांधलेल्या आठही तारा जागच्या जागी आहेत, कुंपणाची तार खांबाला पिळतो ना आपण, तशा पिळलेल्या. तुझे बाबा तो फोटो खिडकीशी धरून येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवून राहिले, जसा काही मॅट्रिकचा निकाल लागला. मी म्हटलं, अहो, माझ्या छातीची जत्रा काहून भरवता? ऐकतात थोडीच.

गावाचं तोंड मात्र चालूच आहे. शेजारची केसरबाई म्हणते, नवस अर्धा राहिला, पारडं बरोबरीला यायच्या आधीच तू उतरली, म्हणून देव कोपला. पुन्हा बस काट्यावर. मी तिला म्हटलं, बाई, मद्रासला माझं हृदय बंद करून मशीनवर ठेवलं होतं, तेव्हाच नेली असती त्यानं. संत्री मोजायला थांबला का तो? उठून गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली.

पण मीना, त्या दिवसाचं नीट कोणीच बोलत नाही, मीसुद्धा बोलली नाही. आई जिवंत परत आली तर तिच्या भारोभार संत्री वाटीन, हा नवस तू केलास, खरं आहे. आपल्याच बागेतली शेवटच्या तोडीची संत्री होती. देवळासमोरच्या निंबाला कापूस तोलायचा मोठा काटा टांगला होता. मी पारड्यात बसली, पारडं झुललं, आणि मी डोक्यावरच्या दोन्ही साखळ्या धरून अंग वर ओढलं. कट् वाजलं. मला वाटलं दांडी मोडली. मोडली होती मी. घरी आल्यावर खोकला आला तर छातीत दोन फळ्या घासल्यासारखं झालं.

मग पुन्हा मद्रास. डॉक्टरनं सांगितलं, पहिल्या ऑपरेशनच्या सहा तारांपैकी चार हाड कापून आत गेल्या, साबण तारेनं कापतात तशा. या वेळी त्यानं हाडाच्या दोन्ही बाजूंना उभ्या तारा ओवल्या आणि त्यांच्यावरून आडव्या आवळल्या. मी दुभाष्याला म्हटलं, सांग त्यांना, कंजुषी करू नका, घट्ट पिळा. डॉक्टर हसून म्हणाला, पिळायचं काम माझं, हात खाली ठेवायचं तुमचं.

सगळ्यांना मी सांगितलं की तिथल्या नर्सची भाषा मला कळली नाही, म्हणून चूक झाली. खोटं आहे. पहिल्या वेळी सुट्टी द्यायच्या आधी त्या नर्सनं माझे हात धरून छातीवर घडी घातले. मग स्वतःचे हात वर नेऊन ओढल्यासारखं केलं, नाही म्हणून मान हलवली, तीन बोटं दाखवली. तीन महिने. बैलालाही कळलं असतं. आणि तूसुद्धा त्या सकाळी म्हणालीस, आई, इतक्यात नको बसू, देव थांबेल. मीच तुला झिडकारलं. मी मद्रासला निघाली तेव्हा, ही आता गाठोड्यातच परत येते, असं म्हणणाऱ्या बाया तिथं उभ्या होत्या. मला त्यांच्या डोक्यांच्या वर बसायचं होतं. बसली.

आणि दुसऱ्यांदा मद्रासला जायला मला नागपूरच्या बसमध्ये चढवताना, तुझ्या सासूदेखत, मी बोलली की तुझ्या नवसानं मारलं मला. दुखत होतं म्हणून बोलली असं लिहिणार होती. पण दुखणं दुसऱ्या दिवशी कमी झालं, तरी ते बोलणं मी मागे घेतलं नाही. चार महिने नाही घेतलं.

केसरबाई शुक्रवारी तिकडच्या बाजारात गेली होती. तू तिला भर दुपारी अनवाणी दिसलीस. तिनं विचारलं तर म्हणालीस, आई पुन्हा काट्यावर बसेपर्यंत चप्पल घालणार नाही आणि एकच वेळ जेवीन. सातव्या महिन्यात! अगं पोरी, कोणाचा गुन्हा फेडून राहिली तू? तो माझा आहे. मी त्या काट्यावर बसणार नाही, देवाला काय म्हणायचं ते मला म्हणू दे. सोमवारी पहिल्या बसनं मी येऊन राहिली. तुझ्या सासूला काय सांगायचं ते मीच सांगीन, जे तिच्यादेखत बोलली ते तिच्यादेखतच मागे घेईन. मला खोटारडी म्हणायचं असेल तर तोंडावर म्हण, खाली मान घालून ऐकीन. पण आधी चप्पल घाल, दोन्ही वेळ पोटभर जेव, आणि मग भांड.

तुझीच,
आई