फॉर्मवरचा 'मनमिळाऊ'

चि. सौ. चिमणीस,
मनापासून आशीर्वाद.

मी बरा आहे. जेवण वेळेवर मिळतं, खाट खिडकीपाशी आहे. तुझे गुडघे काय म्हणतात?

वृद्धाश्रमाच्या फॉर्मवर माझ्या स्वभावापुढे तू 'मनमिळाऊ' लिहिलंस ना? शाळेत निबंधात हा शब्द आपण किती हौसेने घालायचो! इथे त्याचा उपयोग निराळा आहे. ज्यांचे थोडेच दिवस उरलेत, त्यांना मनमिळाऊ माणसाच्या खोलीत ठेवतात. मी त्यांना शाळेतल्या कविता म्हणून दाखवतो. पाच महिन्यांत चौघे गेले. परवा चौथे, एक निवृत्त पोस्टमास्तर, गेले, तेव्हा कवितेचं एक कडवं राहिलं होतं. चादर बदलताना नर्सबाई म्हणाल्या, "आजोबा, तुमचं कुणाशीही जमतं हो!"

"मग आता एखादा भांडकुदळ द्या," मी म्हटलं. त्या हसल्या, आणि दुपारी पाचव्यांना घेऊन आल्या.

चिमणे, आता मला सोसत नाही. व्यवस्थापकांना लिही, की आमचा दादा लहानपणापासून भांडखोर आहे. बहिणीने लिहिलेलं त्यांना पटेल.

पण पत्र लगेच टाकू नकोस. हे पाचवे आज विचारत होते, "उद्याही म्हणाल ना कविता?" त्यांचं होईपर्यंत थांब.

तुझा,
दादा