पहिल्या रकान्यातली नर्सबाई

प्रिय ताई,

“पण तिला स्वतःला काय हवंय गं?” हा तुझा प्रश्न गेल्या महिन्यातल्या त्या रविवारपासून माझ्या मागे लागलाय आणि मला त्याचं उत्तर देता येत नाही. खरं तर तुला हसवायला म्हणून मी ऑफिसातल्या त्या जपानी गेमची गोष्ट सांगत होते. तू बाबांची चादर बदलत होतीस, फोन फळीवर स्पीकरवर ठेवला होतास आणि मधूनच तू हे विचारलंस. मी उत्तर जुळवत होते तेवढ्यात बाबांना पाणी हवं झालं आणि तू गेलीस. मी वेड्यासारखी हॅलो, हॅलो करत राहिले. बाबाच शेवटी त्यांच्या त्या अडखळत्या बोलण्यात म्हणाले, “गेली ती. ठेव.” आपल्या घरात फोन सगळ्यांचा असतो. पत्र एकीचं असतं. म्हणून लिहायला बसलेय. स्वयंपाकघरात जाऊन वाच आणि कोणी विचारलं तर सांग, ठकीने पुन्हा नोकरीची रडगाणी लिहून पाठवलीत.

रडगाणी आहेतच म्हणा. आमचं काम म्हणजे लोकांना मजा येईल का, हे स्वतः अजिबात मजा न करता बघणं. खोलीला खिडकी नाही. एकोणीस जण कानाला हेडफोन लावून एकच लढाई पुन्हा पुन्हा खेळतात आणि कागदावर आकडे मांडतात. दोन वर्षांचा करार आहे, त्यातले चौदा महिने झाले. आमच्यावरच्या साहेबांना आम्ही कंपास म्हणतो, कारण ते पाय फाकवून खोली मोजत चालतात. मुलाखतीत मी त्यांना सांगितलं होतं की गोष्टींनी माणूस बदलतो यावर माझा विश्वास आहे. ते म्हणाले, “छान. सोमवारपासून ये. तिसऱ्या राक्षसाचा डावा हात भिंतीत अडकतो, तो किती वेळा अडकतो ते मोज.”

तर या गेममध्ये सहा जणांची टोळी आहे आणि त्यातले चारच एका वेळी लढाईला नेता येतात. एक अनाथ तलवारवाला, त्याचे केस वादळातही हलत नाहीत. एक काळ्या झग्यातला, तो प्रत्येक वाक्याआधी सुस्कारा टाकतो. एक धनुष्यवाली, एक अगडबंब मुष्टियोद्धा, एक जादूगार आजोबा. आणि सहावी ही, सगळ्यांच्या जखमा बऱ्या करणारी. आम्ही तिला नर्सबाई म्हणतो. लढाईत पाळीपाळीने प्रत्येकाला एक वार करता येतो. नर्सबाईची पाळी आली की ती आपणहून कोणाची तरी जखम भरते, तिला सांगावंही लागत नाही. स्वतःची ती सगळ्यात शेवटी भरते. तिचे संवाद मी मोजले. सगळ्या गेममध्ये दोनशे चौदा, आणि त्यातले एकशे एकतीस ‘लागलं का?’, ‘थांबा, उठू नका’ आणि ‘मी आहे ना’ यांतलेच. तलवारवाल्याला हरवलेला भाऊ शोधायचाय, झगेवाल्याला सूड हवाय, आजोबांना मरायच्या आधी समुद्र बघायचाय. हिला काय हवंय ते कुठेच नाही. तू विचारलंस म्हणून मी मूळ संहिता मागवून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. नाहीच.

पण मला वेगळंच सांगायचंय. सहांतून चार निवडायचे तर किती प्रकार होतात? पंधरा. तूच शिकवलंयस, ओट्यावर सहा चमचे मांडून. मी नववीत होते आणि तू कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता चमचे उचलायला लावत होतीस. आमच्या तक्त्यात मात्र दहाच ओळी आहेत. मी सोळा आठवडे तो तक्ता भरत होते आणि परवा-परवापर्यंत माझ्याही लक्षात आलं नव्हतं. तक्त्यात चार रकाने असतात आणि पहिल्या रकान्यात नर्सबाई आधीच छापलेली येते. उरलेल्या पाचांतून तीन म्हणजे दहा. झाला तक्ता. कंपासना विचारलं, बाकीच्या पाच ओळी कुठायत? म्हणाले, “त्यांत नर्सबाई नाही.” मग? “मग काय, मरतील. मेलेल्यांचं काय तपासायचं?” तीन वर्षं हा गेम बनतोय, ताई, आणि तिच्याशिवायची लढाई कोणी एकदासुद्धा खेळून पाहिली नव्हती.

म्हणून मी खेळले. आठवडाभर, जेवणाच्या सुट्टीत, एका हाताने ब्रेड खात. अकरा वेळा सगळे मेले. शेजारचा दाढीवाला, सगळे त्याला काका म्हणतात, तो येता-जाता “आज किती प्रेतं?” असं विचारायचा. बाराव्या वेळी मी मरायला टेकलेल्या मुष्टियोद्ध्याची पिशवी सहज उघडली. आत नव्याण्णव औषधाच्या बाटल्या. तलवारवाल्याची उघडली, तिथेही नव्याण्णव. वाटेत सापडणारी औषधं प्रत्येकाच्या पिशवीत आपोआप जमत जातात आणि नव्याण्णवच्या पुढची टाकून दिली जातात. पण उघडतंय कोण? नर्सबाई आहे ना. काठोकाठ भरलेल्या पिशव्या पाठीला लावून ते अकरा वेळा मेले होते. मग मी त्यांना स्वतःची औषधं स्वतः घ्यायला लावली. जिंकले, ताई. मजेत नाही जिंकले, चांगले हाल झाले. बारा मिनिटांची लढाई चाळीस मिनिटं चालली, धनुष्यवालीच्या निम्म्या पाळ्या पट्ट्या बांधण्यात गेल्या. पण मधेच झगेवाल्याने तलवारवाल्याच्या खांद्याला औषध लावलं आणि म्हणाला, “हलू नकोस, मला याची सवय नाही.” हा संवाद कोणीतरी लिहिला होता, कोणीतरी आवाज दिला होता, आणि आमच्या एकोणीस जणांत तो कोणी कधी ऐकला नव्हता. काकाने माझा हेडफोन ओढून घेऊन दोनदा ऐकला.

मग मी अहवाल लिहिला, नऊ पानी. आमच्या खोलीतले लोक म्हणतात झगेवाला रडका आहे, तलवारवाला ठोकळा आहे, लढाया फार सोप्या आहेत. सगळं खरं, पण सगळ्याची मुळं मला एकाच जागी दिसतात. ती सतत सगळं भरून काढते म्हणून बाकीचे पाच जण कधी मोठेच होत नाहीत, आणि तिला टोळीतून बाहेर पडायला वाटच ठेवलेली नाही. कंपासनी वाचून विचारलं, “यात लढाईचा तोल किती आणि तुझं भाषण किती?” पण दोन शुद्धलेखनाच्या चुका सुधारून त्यांनी तो तिकडे जपानला पाठवला, हे त्यांचं मोठेपण. काल उत्तर आलं. तिकडच्यांनी निवडक लोकांना खेळायला देऊन मतं मागवली होती आणि सगळीकडे तीच सर्वांची सर्वांत आवडती आहे. तेव्हा तिच्यात काहीही बदल करू नये. एवढंच उत्तर. आवडती आहे म्हणून सुटका नाही! मी ते पत्र वाचलं आणि खुर्चीवरून उठायला हवं हेसुद्धा मला सुचेना. बाहेरचं आभाळ बघावंसं वाटलं आणि आमच्या खोलीला खिडकी नाही.

कारण मला कळलं होतं, मी नऊ पानं कोणाबद्दल लिहिली ते.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. नऊ वर्षांपूर्वी बाबा बसच्या स्टिअरिंगवर कोसळले आणि त्यांची उजवी बाजू गेली. त्याच्या पुढच्याच महिन्यात तुझं कॉलेज सुरू व्हायचं होतं. दवाखान्याच्या जिन्यात दादा म्हणाला होता, आता कसं करायचं? आई असती तर गोष्ट वेगळी होती. तू म्हणालीस, “मी आहे ना.” सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मी पंधरा वर्षांची होते, तुझ्या मागच्या पायरीवर उभी होते, आणि ताई, मला आनंद झाला होता. शाळा सोडून घरी बसावं लागणार नाही, याचा आनंद. तुला माझ्यापेक्षा नेहमी जास्त मार्क असायचे. माझ्या पदवीचा फोटो दादाने फ्रेम करून दारासमोर लावला, येणाऱ्या-जाणाऱ्याला तो ‘आमच्या घरातली पहिली’ म्हणून दाखवतो आणि तू चहाचा ट्रे घेऊन त्या फोटोखालून ये-जा करतेस. मी त्याला एकदाही म्हटलं नाही की दादा, पहिली मी नव्हते व्हायची. उलट दर महिन्याला थोडे पैसे पाठवते, दर रविवारी फोन करते आणि ‘ताई, तू स्वतःकडे बघ हं’ असं तुला ऐकवते. जणू तू स्वतःला कुठेतरी ठेवून विसरली आहेस. माणसाने अन्यायाविरुद्ध बोललं पाहिजे, हे मी मुलाखतीत अनोळखी लोकांना तावातावाने सांगितलं. संहिता लिहिणाऱ्यांवर नऊ पानं ताशेरे ओढले. आणि घरच्या तक्त्यात पहिला रकाना छापलेला होता तो मला दिसला नाही. दिसला असेल. सोयीचा होता.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. मंगळवारी दुपारी मला एका बाईंचा फोन आला. रक्त-लघवी तपासणीचा कोर्स चालवणाऱ्या संस्थेतून बोलत होत्या. म्हणाल्या, तुमच्या बहिणीची निवड झालीये, दोन पत्रं पाठवली, उत्तर नाही, फॉर्मवर दुसरा नंबर तुमचा आहे. सोमवारी बारापर्यंत कळवलं नाही तर जागा पुढच्या मुलीला जाईल. ताई, तू फॉर्म भरलास. परीक्षा दिलीस. कधी दिलीस? बाबांना कोणाजवळ ठेवून गेलीस? आणि दोन पत्रं कुठे दडवलीस? मी ‘ती येईल’ असं सांगितलं नाही, ‘येणार नाही’ असंही नाही. म्हटलं, सोमवारी बाराच्या आत ती स्वतः फोन करेल. तू काय सांगायचंस ते मी ठरवणार नाही. आजवर सगळ्यांनी तुझी पाळी तुझ्यासाठी खेळून घेतली, त्यात माझी भर नको. पण माझ्या वाटणीचं जे होतं ते मी करून टाकलंय. सहा आठवड्यांची बिनपगारी रजा मागितली. कंपास म्हणाले, परत येशील ना? मी अर्जावरच परतायची तारीख घातली, कारण तुझी सुटका करून मी तिथेच अडकले तर काहीच बदललं नाही. नंतर दादाला फोन केला. तुझ्या कोर्सबद्दल चकार शब्द काढला नाही, तो तुझा आहे. एवढंच सांगितलं, दादा, मी येतेय, आणि या सहा आठवड्यांत बाबांना उठवणं-बसवणं, अंघोळ, औषधं सगळं तू शिकायचंस. म्हणाला, “माझे हात जड आहेत गं, मला नाही जमणार.” केसभर फट राहिली तर अख्खी फरशी उखडून पुन्हा बसवणारा माणूस हे म्हणतो! मी त्याला हेच ऐकवलं. मग म्हणाला, “बाबा माझ्या हातचं घेतील का?” मी म्हटलं, पहिल्या दिवशी नाही घेणार. चिडतील, ताईला हाक मारतील. तरी तू दारातून हलायचं नाहीस. हो म्हणाला, ताई. रडवेला होऊन म्हणाला, पण म्हणाला. मला फोनवर थांबवून ठेवूनच त्याने दुसऱ्या फोनवरून मालकाला सांगितलं आणि सोमवारची फरशीची कामं पुढे ढकलली. माझी रजा मंजूर झालीये, तिकीट काढून झालंय, खोलीची दुसरी किल्ली आज सकाळी घरमालकिणीकडे दिली. हे पत्र कुरिअरने शनिवारी तुझ्या हातात पडेल, मी रविवारी दुपारी दोनला पोचतेय.

तुझीच, आणि नऊ वर्षं उशिरा निघालेली,
ठकी