जयवंताचा मुऱ्हाळी

॥ श्री ॥

मुंबई,
दि. ३ सप्टेंबर १९७८

ती. सौ. जयाबाईस,
धाकट्या नत्थूचा शि. सा. न. वि. वि.

पत्र लिहायचं मी आखाडीपासून टाळून राह्यलो, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुझं पहिलं वाक्य वाया जाईल. दोनदा कार्ड आणलं. एकावर बंडूजी मिस्त्रीनं मशीनचं माप लिहून टाकलं, दुसरं खिशात भिजलं.

खबर अशी की मी डिसेंबरात पेरू देशात चाललो. दक्षिण अमेरिकेत आहे. मायले सांगशील तर ती म्हणेल पेरू म्हणजे जांबच ना, ते खायले एवढ्या दूर काऊन, तिले नीट समजावजो. आमची कंपनी कापसातून सरकी काढायचे रेचे बनवते. तिकडं कापूस पिकते, लांब धाग्याचा. रेचे बोटीनं गेले. ते बसवून द्यायले बंडूजी मिस्त्री आणि त्याच्या हाताखाली मी. मले वाटलं आपणही बोटीनं जाऊ, तर कंपनी म्हणते माणसं विमानानं. म्हणजे लोखंडाले समुद्र पाहायले भेटते आणि नत्थूले नाई. मी याच्यावर साहेबाशी भांडलो तर सारे हसले.

खरं भांडण मिस्त्रीशी आहे. तो म्हणते काम झालं की परत. मी म्हटलं, एवढ्या दूर जाऊन नुसता कापूस पाहून येऊ काय, कापूस तर रोहण्यात जन्मापासून नाकात आहे. तो चिडला, मी त्याच्याहून चिडलो. शेवटी म्हणे, कुठून कुठं जाशील ते कागदावर नीट मांडून दाखव, तर साहेबाजवळ महिन्याची सुट्टी मागतो. आता कागद म्हटलं की तूच. शाळेत माझे नकाशे तूच भरायची, आणि गुरुजीचा मारही तुझ्याच सुबक नद्यांपायी खाल्ला मी, कारण त्या माझ्या नाईत हे लगेच समजे.

मी ठरवलं ते असं. लिमाले उतरायचं. तिथून कुझको नकाशावर बोटभर, जुन्या राजांचं गाव, आधी ते. मग पुनो, तिथं मोठं तळं आहे. मग खाली अरेक्विपा आणि शेवटी इका, जिथं काम. जानेवारीत सारं आटपते, आपल्यासारखी थंडी असेल, पाऊस नसेल. नकाशा पाह्य आणि नीट करून पाठव.

तब्येत बरी असेलच. भाऊजीले नमस्कार. लोभ ठेवजो, आणि तो नकाशासोबत लौकर धाडजो.

तुझा,
नत्थू

॥ श्री ॥

पुलगाव,
दि. १२ सप्टेंबर १९७८

चि. नत्थूस,
जयवंताचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. तीन पानं पेरू देश आणि अर्ध्या ओळीत माझी तब्येत, तीही बरी असेलच म्हणून तूच ठरवून टाकली. नाई बरी. मले सहावा महिना लागला, हे मायनं काकाकडून तुले लिहवलं होतं. तेही खिशात भिजलं असेल.

दिवाळीले आठवा लागते. आठव्यात लेकीचा पाय उंबरठ्याबाहेर काढत नाईत, हे तुले माहीत आहे, नसेल तर आता झालं. म्हणजे त्याच्या आत माहेरचा कोणी मुऱ्हाळी येऊन मले रोहण्याले घेऊन गेला तर बाळंतपण मायजवळ, नाई तर इथं. सासूबाई वाईट बोलत नाईत, पण बोलतात ते रोज बोलतात. माहेरी माणूस आहे की नाई, हे त्या पाणी भरताना विचारतात, भाकरी थापताना विचारतात. मागच्या खेपेले कोणी आलं नाई. तू कोण्या बैराग्यांसोबत गिरनारले गेलता. लक्ष्मणकाका लग्नात त्याले दुसऱ्या पंगतीत बसवलं म्हणून रुसलेला, तो या घराची पायरी चढत नाई. बाबा असते तर गोष्ट वेगळी. मी आठव्यातही विहिरीवरून पाणी आणत राह्यली. पुढं काय झालं ते तुले ठाऊक आहे. ते लेकरू मी पाह्यलंही नाई.

आता तुझा रस्ता. तो पाह्यला आणि आणखी राग आला. ज्याले तू बोटभर म्हणतो ना, ते बोट तू डोंगरावर ठेवलं आहे. लिमा समुद्राकाठी आणि कुझको चिखलदऱ्याच्या तिप्पट उंच. रोहण्याचा माणूस एकदम तिथं जाऊन उभा राह्यला तर त्याचा श्वास पुरत नाई, उलट्या होतात. शेजारच्या प्रमिलाबाईंनी त्यांच्या शाळेतलं जाडं पुस्तक आणून दिलं, त्यात लिहिलं आहे. आणि आपली थंडी तो तिथला पावसाळा. ऋतू सारे उलटे. जानेवारीत डोंगरात दरडी कोसळतात आणि रेल्वे बंद पडते. तू साऱ्या जगाले वर्धा जिल्हा समजून राह्यला.

समुद्राकाठी मात्र पाऊस जवळपास पडतच नाई. कापूस होते तो डोंगरातून येणाऱ्या नद्यांच्या पाण्यावर. म्हणून आधी काम, इका. डोंगर मागून, मे महिन्यात. बाकीचं पुढच्या पत्रात, पण आधी तू कोणत्या तारखेले येतो ते कळव.

आशीर्वाद आहेत. त्यांच्या भरवशावर राहू नको, उत्तर दे.

जयवंता

॥ श्री ॥

मुंबई,
दि. २४ सप्टेंबर १९७८

ती. सौ. जयाबाईस,
नत्थूचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा जेवण गेलं नाई. राग कोणाचा आला ते सांगतो. तुझ्या सासूचा नाई, काकाचा तर मी धरतच नाई. त्या मुऱ्हाळी नावाच्या गोष्टीचा आला. तुमच्या घरामागून आर्वीची छोटी गाडी जाते. तिची शिटी ऐकून तू चूल पेटवते, तूच लिहिलं होतं एकदा. त्या गाडीत बसलं की रोहणा टेसनावर उतरायचं. तू मॅट्रिक पास आहे. तुले उंचीचं समजते, दरडीचं समजते, आणि गाडीत बसायले तुले माणूस येऊन हात धरून न्यायले पाहिजे. काऊन? तू सामान आहे काय? माझे रेचे पाहा, ते एकटेच गेले पेरूले.

मी येत नाई असं म्हणत नाई. पण पासपोर्टासाठी पोलिसाची चौकशी व्हायची आहे, तो कोणत्या दिवशी येईल ते सांगत नाई, आणि आला तेव्हा मी खोलीवर नसलो तर कागद परत. माझ्या जागी जायले एक पोरगा मिस्त्रीच्या मागं मागं फिरून राह्यलाच आहे. तो पोरगा पाना उलटा धरते, पण मिस्त्रीले भाऊ भाऊ म्हणते.

म्हणून मी इलाज काढला. आपला भैयाजी तिथंच पुलगावच्या डेपोत लागला आहे. माझ्यासोबत सातवीत होता, मिश्या आहेत, चांगला मोठा दिसते. त्याले लिहिलं की रविवारी धुतलेलं धोतर नेसून जा, मी जयवंताचा मावसभाऊ म्हण आणि घेऊन जा रोहण्याले. तू तेवढी ओळख दाखवजो. काम फत्ते.

एक राह्यलं. आमच्या खानावळीत गोव्याचा एक म्हातारा आहे, जहाजावर आचारी होता. तो सांगते तिकडं वाळवंटात कोणी जमिनीवर मोठमोठी पाखरं कोरून ठेवली, माकडही आहे, शेताएवढं. गावाचं नाव नाझ्का. हे खरं आहे काय, आणि आपल्या रस्त्यात येते काय, ते पाह्य. तो मले तिकडची भाषाही शिकवते, पण त्याले फक्त कांदा, मीठ आणि शिव्या येतात.

रागावली तरी मोठी आहेस, सांभाळून घेजो.

तुझा,
नत्थू

॥ श्री ॥

पुलगाव,
दि. ५ ऑक्टोबर १९७८

चि. नत्थूस,
आशीर्वाद. आज याच्या पुढं काही गोड नाई.

तुझा भैयाजी रविवारी आला. धोतर नेसून आला, खरं आहे, पण सायकलवर, आणि डेपोची खाकी टोपी घालून. सासूबाईंनी पाट दिला, चहा दिला आणि सहज विचारलं की कोणत्या मावशीचे. तो म्हणे मोठ्या. त्यांनी विचारलं मोठी मावशी कोणत्या गावी दिली. तो म्हणे आर्वीले. आपल्याले मावशीच नाई, नत्थू. माय एकटी लेक. हे सासूबाईंनी सोयरीक जुळवतानाच विचारून घेतलं होतं, त्या विसरत नाईत. त्यांनी त्याले आणखी एक कप चहा दिला, पोहे दिले, आणि म्हटलं की बापू, तुम्ही चांगल्या घरचे दिसता, असं दुसऱ्याच्या सुनेले न्यायले येत जाऊ नका. तो बिचारा सायकल दारातच विसरून पायी गेला. संध्याकाळी त्याचा कोणी ओळखीचा येऊन ती घेऊन गेला.

मग त्या माझ्याकडं वळल्या. ओरडल्या नाईत. म्हणाल्या, आता तुझ्या माहेरचे लोक भाड्याचा भाऊ पाठवतात. गल्लीत साऱ्यांना समजलं. यांनी ऐकलं आणि चप्पल घालून मिलमध्ये निघून गेले. तुझे भाऊजी म्हणजे असेच, रागावतही नाईत आणि बोलतही नाईत. मले तेच जास्त लागते.

तू विचारतो एकटी काऊन जात नाई. जाते. उद्या जाते. मॅट्रिक पास आहे, तिकीट काढता येते. पण पोट घेऊन एकटी बाई माहेरच्या टेसनावर उतरली की रोहणा काय म्हणते ते तू ऐकलं नाई, तू तिथं असतच नाई. टाकलेली म्हणतात. आणि एकदा एकटी गेली की परत आणायले इथून कोणी येत नाई. आपल्या पायानं गेली ना, म्हणतात, मग आपल्या पायानं ये. आणि आली तर दार उघडायचं की नाई ते त्यांच्या हाती. तू निघतो तेव्हा फिरायले गेला म्हणतात. माझ्यासाठी तो शब्द नाई.

नाझ्का खरं आहे. इकाच्या खाली, अरेक्विपाच्या वाटेवरच लागते. पण ती पाखरं वरूनच दिसतात. तू खालून पाहशील तर नुसती रेघ दिसेल आणि तू तिच्यावरून चालत जाशील.

दिवाळी जवळ आली. इतकंच लिहिते.

जयवंता

॥ श्री ॥

मुंबई,
दि. ११ ऑक्टोबर १९७८

ती. सौ. जयाबाईस,
नत्थूचा नमस्कार, साष्टांग आणि आणखी जे काय असते ते.

पोलीस येऊन गेला. पासपोर्ट होईल. मी लगेच मिस्त्रीले म्हटलं, चार दिवस गावी जाऊन येतो. तर कंपनीनं जाणं अलीकडं आणलं म्हणे, आता डिसेंबर नाई, दिवाळीच्या आतच. मिस्त्री म्हणे, ज्या दिवशी तू नागपूरच्या गाडीत बसशील त्या दिवशी दुसऱ्या पोराचं नाव लिहितो. मी पाना भिरकावला. त्याले लागला नाई, पण खिडकी फुटली.

मग राग कुठं काढू, तर रात्रभर बसून लक्ष्मणकाकाले पत्र लिहिलं. कडक लिहिलं. लिहिलं की मागच्या खेपेले एक लेकरू गेलं ते तुझ्या पंगतीपायी गेलं, आता दुसरं जाईल तेव्हा पहिल्या पंगतीत बसून जेव. पहाटे टपाल पेटीत टाकलं. तो येईल असं मले वाटत नाई. तुझ्या लग्नापासून रुसून बसलेला माणूस आहे, आणि आता तर माझ्याशीही बोलणार नाई.

म्हणून तूच सांग. ये म्हटलं तर येतो. पेरू गेला खड्ड्यात. नको म्हटलं तर जातो. तुझ्या एका शब्दावर आहे.

माया पातळ होऊ देऊ नको.

नत्थू

॥ श्री ॥

पुलगाव,
दि. १७ ऑक्टोबर १९७८

चि. नत्थूस,
जयवंताचे आशीर्वाद.

माझ्या एका शब्दावर काही ठेवू नको. तुले यायचं असतं तर खिडकी फोडायच्या ऐवजी तू गाडीत बसला असता. ये म्हटलं तर जन्मभर तू म्हणशील बहिणीपायी पेरू गेला. नको म्हटलं तर म्हणशील तिनंच नको म्हटलं. दोन्हीकडून मीच. हे मी उचलणार नाई, मले सध्या वजन उचलायची मनाई आहे.

मी कोणाची वाट पाहणं सोडलं. इथं जे होईल ते होईल. प्रमिलाबाई म्हणतात त्या रोज येऊन बसतील. पाणी भरणार नाई असं मी काल सासूबाईंना तोंडावर सांगितलं.

रस्ता पुरा करून देते, अर्धं काम मले आवडत नाई. लिमाले उतरून समुद्राच्या बाजूनं खाली इका. तिथं काम संपेपर्यंत राहा, वेचणी पाहा, आपल्या बायांपेक्षा वेगळी वेचतात काय ते मले लिही. मे महिन्यात नाझ्का. मग अरेक्विपा, ते मधल्या उंचीवर आहे, तिथं काही दिवस थांब, अंगाले सवय होऊ दे. घाई करशील, तुझा स्वभाव आहे, करू नको. तिथून रेल्वेनं वर पुनो, तळ्याकाठी. मग दुसरी रेल्वे, कुझको. ते शेवटी, कारण सगळ्यात चांगलं शेवटी पाह्यलं तर परत यायचं मन होते. कुझकोहून लिमाले विमान आहे काय ते कंपनीले विचार. मिस्त्रीले हा कागद दाखव, आणि बहिणीनं काढला म्हणून सांग. माझं नाव घे.

तुझ्यावरचा राग गेला नाई. तो तू आलास की समोरासमोर काढीन. तोवर जपून राहा, पाणी उकळून पी.

आशीर्वाद आहेतच, त्यांना काही झालं नाई.

जयवंता

ता. क. पाकीट बंद करत होती, तेवढ्यात आर्वीची गाडी येऊन गेली आणि थोड्या वेळानं अंगणात पावलं वाजली. पाह्यलं तर माय. एकटी. गाडीत जन्मात कधी एकटी बसली नाई ती. लेकीच्या घरचं पाणी चालत नाई म्हणून हातात आपली पाण्याची चरवी घेऊन. काकानं तुझं पत्र तिले वाचून दाखवलं, घडी केली आणि वावरात निघून गेला म्हणते. ती एक रात्र थांबली आणि निघाली.

सासूबाई म्हणाल्या मुऱ्हाळी बाई कधीपासून येऊ लागली, आणि त्यातही, एवढं म्हणून मायच्या मोकळ्या कपाळाकडं पाहत थांबल्या. माय म्हणाली, मागच्या खेपेले मी पुरुषांची वाट पाह्यली. आत बोलावलं तर येत नाई. मी पाहुणी नाई, मुऱ्हाळी आहे, पोरगी तयार करा म्हणते, आणि ओट्यावर उन्हातच बसली. सासूबाई अजून दारात उभ्या आहेत, हलल्या नाईत. हे आतून आले. खुंटीवरची माझी पिशवी काढली आणि मायच्या बाजूले नेऊन ठेवली.