सैपाकघर धम्मशीलाच्या नावानं

मी गोजरबाई भगवानराव अढाव, वय त्र्याहत्तर, शिक्षण चौथी, राहणार सोनाळा, तालुका संग्रामपूर, जिल्हा बुलढाणा. डोकं ठिकाणावर आहे, कोणी धाक घातला नाही. माझ्यामागं माझं जे राहील ते कोणाले जावं, हे माझ्या हातानं लिहून ठेवते.

एक. दोन एकर वावर मुलगा हर्षल याले. तो विकणार हे मले माहीत आहे. विकू दे.

दोन. सोन्याच्या पाटल्या अन् जायफळाची लहान किसणी नात प्रेरणा हिले. पोरगी लाखात एक. नोकरीले व्हिएन्नात असते, तिनं मले दोन महिने तिकडं नेलं. रोज नव्या हाटेलात कॉफी. पहिल्या दिवशी मी बशीत ओतून प्यायली तर लाजली नाही, तिनं बी ओतली. कमरेच्या पिशवीतलं जायफळ काढून किसलं तर वाढणारी बाई वास घेऊन हसली. इतकी खुशी मले माहेरात बी भेटली नव्हती. तिथं सारे कप एकाच फळीवर. आपल्या आधी याच्यात कोण प्यायलं, मी बी विचारलं नाही.

तीन. दीर अर्जुनराव याले काही नाही. आमचे हे गेले तेव्हा मी तिकडंच होती. तेरवीत तो चारचौघांत म्हणाला, "दादा इकडं तडफडला अन् वहिनी तिकडं कॉफी पीत होती." म्हणाला ते खोटं नाही. खरं त्याच्याहून वाईट आहे, ते खाली लिहिते.

चार. राहतं घर माझ्या नावावर आहे. ते सैपाकघरासकट धम्मशीला हिले. वीस वर्षं ती आमच्या अंगणात धान्य निवडते. तिचा कप मी बाहेर वळचणीले वेगळा खोचून ठेवत होती, कॉफी वरून ओतत होती. आमच्या घरात असंच चालत आलं, म्हणत होती. हे गेले त्या दिवशी ह्यांनी साखरेच्या बिमारीची, इन्सुलिनची सुई टोचून घेतली. जेवणाचा डबा अर्जुनरावाकडून यायचा, त्याले उशीर झाला. साखर उतरली, घाम फुटला. धम्मशीलाले म्हणाले, लवकर गोड कॉफी दे. ती उंबऱ्यापर्यंत गेली, थांबली, अन् अर्जुनरावाच्या बायकोले बोलवाले धावत सुटली. दोघी येईपर्यंत हे गेले होते. साखरेचा डबा उंबऱ्यापासून चार पावलांवर. मी आल्यावर तिले विचारलं, काऊन नाही दिली? मान खाली घालून म्हणाली, "बाई, आत पाय ठेवू नको म्हणून तुमीच सांगतलं होतं."

तेव्हापासून कॉफी करते अन् तशीच मोरीत ओतते. धम्मशीलाले कितीदा म्हटलं, आत ये. ती अंगणातच बसते.

पाच. घर देऊन माझं काही फिटत नाही, हे मले समजते. तिले अजून सांगतलं नाही, तोंड नाही. तिनं नको म्हटलं तर हर्षलनं विकून टाकावं. काऊन नको, असं तिले कोणीच विचारू नये.

ठिकाण सोनाळा, दिनांक १२ फेब्रुवारी २०२५
सही: गोजरबाई भगवानराव अढाव

बाईंनी आमच्या दोघांसमोर वाचून सही केली.
साक्षीदार: १) गुलाबराव ढोकणे २) बेबीताई मानकर