किक मारणाऱ्यासाठी गप्प

कोलकाता,
१२ ऑगस्ट २०२५

ती. मंजूताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोन लागत नाही म्हणून तू आणि आई काळजीत असाल. फोन बजबज नावाच्या गावी नदीत गेला. फेरीबोटीच्या कठड्याला रेलून एका माणसाला पलीकडच्या ज्यूट गिरणीचं धुराडं दाखवत होतो. त्याने विचारलं नव्हतं. वर्षातला हा तिसरा फोन, आणि दुसऱ्याच्या वेळीच तू सांगितलं होतंस की आता नवा मिळणार नाही, पत्रं लिहीत बस. तर बसलोय. बजबजला काय काम होतं म्हणशील, तर काही नव्हतं. श्यामकांतकाकांनी मला एस्प्लनेडला बॅगांच्या दुकानात चिकटवलंय, तिथून सियालदाला निरोप द्यायला धाडलं होतं. समोर बजबजची गाडी उभी दिसली, म्हणून बसलो.

आत्या मजेत आहे. मी जेवत नाही असं तुला लिहायला सांगितलंय, लिहिलं. काकांची बदली मात्र नक्की झाली, नागपूर. दुर्गापूजा संपली की हजर व्हायचं. प्रश्न आहे तो त्यांच्या लेकीचा, तेजूचा. कॉलेजचं तिचं शेवटचं वर्ष, आणि चार वर्षं ती इथे मैदानावरच्या एका क्लबातर्फे रग्बी खेळते हे तुला ठाऊक आहेच. यंदा तर कर्णधार आहे. काकांनी तिला सांगून ठेवलंय की देशाच्या सराव शिबिराच्या यादीत नाव आलं तर ती इथे राहील, नाही आलं तर खेळ पुरे, नागपूरच्या कॉलेजात नाव घालू. तिकडे तिच्या ओळखीचा एकही संघ नाही. तिला खेळाशिवाय दुसरं काही दिसत नाही, हे मला इथे चार महिन्यांत कळलं. काकांना चार वर्षांत कळलं नाही.

परवा रविवारी निवड करणारे आले होते, तो सामना मी पाहिला. शेवटच्या मिनिटाला तेजूचा संघ एका गुणाने मागे होता. चेंडू रेषेपलीकडे टेकवल्यावर जी जादाची किक मिळते, तिचे दोन गुण मिळाले असते तर जिंकले असते. किक तेजूची होती, खांबाबाहेरून गेली.

हां, त्याआधी शनिवारी बागबाजारला गेलो होतो. आपल्या मराठ्यांच्या धास्तीने इंग्रजांच्या काळात इथल्यांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला होता, त्याची सुरुवात तिथली. आता खंदक नाही, रस्ता आहे. दीड तास शोधत होतो. मग एका म्हाताऱ्याने मला चहा पाजला आणि त्याच्या जावयाबद्दल सांगितलं, तो जावईसुद्धा एक प्रकरणच आहे, पण कागद संपला.

आईला साष्टांग. तुझा लोभ माझ्यापेक्षा टिकाऊ आहे, तो तसाच असावा.

तुझा,
उन्मेष


कोल्हापूर,
२० ऑगस्ट २०२५

चि. उन्मेषला,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. अक्षर अजून सातवीतलंच आहे. आईने तीनदा वाचून घेतलं आणि जेवत नाहीस एवढंच लक्षात ठेवलं.

मी मात्र दुसरंच वाचलं. फेरीबोट, धुराडं, खंदक, खंदकाजवळचा म्हातारा, त्याचा जावई, आणि ज्या किकवर आपल्या तेजूचं सगळं अडलं होतं तिला मोजून दोन ओळी. लहानपणी शेजारच्यांची काच फोडून आलास की तू आईला रस्त्यात दिसलेल्या उंटाबद्दल सांगत बसायचास. म्हणून सरळ विचारते. इथे स्टेडियमवर फुटबॉल असला की आपल्या पेठेच्या बाजूने तुझा आवाज गेटाबाहेर ऐकू यायचा. समोरच्या पेठेचा पोरगा पेनल्टी घ्यायला आला की तू पत्रा बडवायचास, आणि आपला आला की त्याच्या नावाने घसा फोडायचास. त्या किकच्या वेळी तू कुठे होतास, आणि काय करत होतास?

खरं लिही. मी शाळेत साठ पोरांकडून रोज खोटं ऐकते, त्यात तुझी भर नको.

थोडं जेव. माया आहे म्हणून रागावते, एवढं समजून घे.

तुझी,
मंजूताई


कोलकाता,
२७ ऑगस्ट २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र दुकानात वाचलं, बॅगांच्या ढिगामागे बसून. लिहितो.

इथला सामना आपल्यासारखा नसतो. पेठेपेठेची माणसं वेगवेगळी बसत नाहीत, सगळी एकत्र. क्लबाचे म्हातारे सभासद वेताच्या खुर्च्यांवर, बाकीचे दोरीला लागून उभे. दोन्ही बाजूंच्या मुलींच्या आया एकाच डब्यातली घुगनी खातात. घुगनी म्हणजे वाटाण्याची उसळच, पण वर खोबऱ्याचे तुकडे. समोरच्या संघाने चांगलं काही केलं तरी लोक टाळ्या वाजवतात. मला वाटलं, ही माणसं कुणाच्या बाजूची आहेत तरी कुणाच्या. खेळ बघशील तर हाडं मोडतील असा, आणि बघणारे सत्यनारायणाला बसल्यासारखे.

तेजूने चेंडू ठेवला, चार पावलं मागे गेली. आणि ताई, अख्खं मैदान गप्प झालं. समोरच्या संघाची माणसंसुद्धा. गाडीवाला कढईत झारा आपटत होता, त्याने तो धरून ठेवला. पलीकडच्या रस्त्यावरची बस ऐकू येत होती. मला कुणी सांगितलं नव्हतं की किक मारणारा कुठलाही असो, त्याच्यासाठी गप्प राहायचं असतं. मला वाटलं, पोरगी एकटी पडली, हिच्या बाजूने कुणीच बोलत नाही. ती निघाली आणि मी बेंबीच्या देठापासून ओरडलो, तेजे हाण, आपलीच हाय. शिट्टीपण मारली, दोन बोटांची.

चेंडू उजव्या खांबाबाहेरून गेला.

एवढ्यावर थांबलो असतो तर बरं. आपल्याकडे आपला चुकला की पंच चोर असतो. मी दोरीपाशी जाऊन पंचबाईंना हिंदीत नको ते बोललो. त्या माझ्याकडे वळल्यासुद्धा नाहीत. सामना संपल्याची शिट्टी झाल्यावर तेजू, चिखलाने भरलेली, त्यांच्यापुढे हात जोडून उभी राहिली. बघणाऱ्याने तोंड टाकलं तर कर्णधाराने माफी मागायची अशी त्यांच्याकडे रीत आहे म्हणे. मग जिंकलेल्या मुलींनी दोन रांगा केल्या आणि हरलेल्यांना मधून टाळ्या वाजवत नेलं. मी कुठे बघू ते कळेना. शेजारच्या खुर्चीतल्या एका आजोबांनी शांतपणे विचारलं की गाव कुठलं. महाराष्ट्र म्हटल्यावर म्हणाले, वाटलंच, तुम्हा लोकांसाठी आम्ही एकदा खंदक खणला होता. आणि मला चहा आणून दिला. शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं.

घरी येताना तेजू बसमध्ये माझ्या शेजारीच बसली होती, बुटांचा चिखल खरवडत. घरी तिने सांगितलं की वारा होता. काकांनी एवढंच विचारलं की मग शिबिराचं काय. ते किंवा आत्या आजवर एकदाही मैदानावर गेलेले नाहीत, त्यामुळे वारा होता की मी होतो ते त्यांना कळायचा प्रश्न नाही.

यादी बारा सप्टेंबरला लागणार. मला काकांना सांगून टाकायचंय की चूक माझी. सांगितल्यावर ते मला हाकलतील, ते ठीक, तसंही पुरीला जायचं मनात होतं. पण तेजूला थांबू देतील का? रात्रंदिवस हेच डोक्यात आहे. तू सांगशील ते करीन. याआधी असं कधी लिहिलं नव्हतं, तेव्हा उत्तर लवकर पाठव.

रागावलीस तरी दूर लोटू नकोस.

तुझा,
उन्मेष


कोलकाता,
१ सप्टेंबर २०२५

मंजूताई,
सा. न. वि. वि. (आईने सांगितलं की असं लिहायचं.)

मी मराठी शाळेत शिकली नाही, चुका होतील, हसू नको. उन्मेषदादाने तुला पत्र टाकलं ते मला माहीत आहे, कारण पोस्टात मीच टाकलं. तो पत्ता लिहायला विसरला होता, तो मी लिहिला. आतलं वाचलं नाही, पण त्याचं तोंड बघून समजलं.

त्याला सांग की बाबांना काही बोलू नको. बाबा लगेच म्हणतील, चला, उन्मेषमुळे झालं, आणि सगळे त्याच्यावर रागावतील. मग ती किक त्याची होईल. ती माझी आहे. आमच्या कोच सांगतात, आवाज झाला तर थांब, मागे जा, परत सुरू कर. मला वेळ होता. मी थांबली नाही.

का थांबली नाही ते तुलाच सांगते. चार वर्षांत माझ्या घरातलं कोणी मैदानावर आलं नाही. बाकी मुलींच्या आया येतात. त्या दिवशी पहिल्यांदा कोणी मला मराठीत हाक मारली. मला इतकं बरं वाटलं की हसू आलं आणि हसता हसता पाय लागला. दादाला हे सांगू नको. तो आधीच कमी जेवतो.

मला पंचांची माफी मागायची लाज नाही वाटली. दादा एकटा उभा होता, त्याची वाटली.

तुझ्या आठवणीत मला ठेव.

तेजस्विनी


कोल्हापूर,
६ सप्टेंबर २०२५

चि. उन्मेषला,
अ. उ. आ.

तेजूचं पत्र आलं. त्यात काय आहे ते तुला सांगणार नाही, कबूल केलंय. तू काकांना काही सांगायचं नाहीस एवढा तिचा निरोप आहे. तुझं मन हलकं व्हावं म्हणून तिच्या खेळातला एक तुकडा तू उचलून न्यायचा नाहीस.

काही करायचंच असेल तर हे कर. यादी लागो, न लागो, तिच्या पुढच्या सामन्याला आत्या आणि काकांना घेऊन जा. काका नाही म्हणतील. सुट्टीचा दिवस, ऊन, गुडघा, सगळं सांगतील. तू लहानपणी जत्रेला जायचं म्हणून दारात आडवा पडायचास, तसा पड. न पाहिलेल्या गोष्टीला नाही म्हणणं सोपं असतं, एवढंच त्यांचं झालंय असं मला वाटतं. चुकतही असेन.

आणि पुरीला जायचं मनात असेल तर त्याआधी मला कळव. दर वेळी पोचल्यावर कळवतोस.

काळजी करते म्हणजे प्रेम करते, तू तेवढं जेवत राहा.

मंजूताई


कोलकाता,
१६ सप्टेंबर २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

यादी शुक्रवारी लागली. तेजूचं नाव नाही. तिने ती फोनवर वर-खाली दोनदा पाहिली आणि भांडी घासायला गेली. काका म्हणाले, चला, निकाल लागला. वाईट मनाने म्हणाले नाहीत. त्यांना खरंच वाटत होतं की आता मुलगी मोकळी झाली.

तू म्हणालीस तसा मी दारात आडवा पडलो नाही, पण जवळपास तेच केलं. हंगामातला शेवटचा सामना, तिचा इथला शेवटचा, एवढं आत्यासमोर म्हटलं. पुढचं काम आत्याने केलं. रविवारी काका छत्री आणि वर्तमानपत्र घेऊन निघाले. सगळीकडे पूजेच्या मांडवांचे बांबू, त्यामुळे पाऊण तास वाट काढत गेलो. मी वाटेत कुठेही उतरलो नाही, हे नोंदव.

काकांनी अर्धा वेळ पेपर वाचला. मग तेजूने एका धिप्पाड मुलीला कमरेत धरून आडवी केली आणि पुढच्याच क्षणी हात देऊन उठवली, तेव्हा पेपर खाली आला. त्यांनी मला विचारलं की ही रोज असं करते का. आत्याने माझा दंड इतका आवळला की वळ उठले.

आणि मग ते झालं. समोरच्या संघाला किक मिळाली. मुलीने चेंडू ठेवला, मैदान गप्प झालं. नेमका त्याच वेळी काकांचा फोन आला, सामान हलवणाऱ्या कंपनीचा. काका बँकेत बोलतात तसे मोठ्याने बोलू लागले. खोल्या दोन, माणसं तीन, हो, मुलीचं सगळंच सामान येणार, इथे काही ठेवायचं नाही. ताई, एवढ्या शांततेत एकच माणूस बोलत होता. कुणी ओरडलं नाही. शेजारच्या बाईंनी नुसता त्यांच्या कोपराला हात लावला. काकांनी मान वर केली तर सगळं मैदान त्यांच्याकडे बघत होतं. किक मारणारी मुलगी मागे जाऊन उभी राहिली होती, त्यांचं बोलणं संपायची वाट बघत. आणि खांबांखाली तिच्या संघाबरोबर तेजू. तिने सगळं ऐकलं होतं. ती त्यांच्याकडे बघत नव्हती, जमिनीकडे बघत होती.

मला तेव्हा काका आवडत नव्हते, तरी त्यांच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते माझ्याइतकं तिथे कुणालाच कळत नसेल. मी त्यांच्याजवळ सरकून उभा राहिलो. त्यांनी फोन बंद केला आणि दोन्ही हात मागे बांधले. मुलीने किक मारली, खांबांमधून गेली. तेजूचा संघ पुन्हा हरला. सामन्यानंतर रांगा झाल्या, टाळ्या झाल्या. काकांना कुणी सांगितलं नव्हतं, तरी त्या मुलीपाशी जाऊन ते तुटक्या बंगालीत काहीतरी बोलले. ती हसली. तेजूपाशी मात्र त्यांना जाता येईना.

काल सकाळी सामान बघायला माणूस आला. काका त्याला घर दाखवत होते. तेजूच्या खोलीच्या दारात थांबले आणि म्हणाले, ही खोली सोडा. आत्या ओट्यापाशीच खाली बसली, लेक मागे राहणार हे तिला तेव्हा कळलं. तिला कुणी विचारलंच नव्हतं, आणि ती रडतेय ते आनंदाने नाही.

तो माणूस गेल्यावर काकांनी मला बोलावलं. बँकेचं क्वार्टर मार्चपर्यंत ठेवता येतं, तेजूचं वर्ष पुरं होईल, ती खेळेल. पण पोर एकटी राहणार नाही, घरचं कुणीतरी हवं. तू मार्चपर्यंत राहतोस का, असं विचारलं. कुठे न जाता, असंही म्हणाले. मी हो म्हटलं. तेजू दारात उभी होती. ती हसेल असं मला वाटलं होतं. ती माझ्याकडे नुसती बघत राहिली, हा किती दिवस टिकेल याचा अंदाज घेत. मग म्हणाली की दादा, जाणार असशील तर आत्ताच सांग, मी नागपूरला जाईन, मध्येच नको.

मी पुन्हा हो म्हटलं. पण ताई, मलाही माझा भरवसा नाही. आज दुकानातून येताना हावडा स्टेशनच्या बसमागे वीस पावलं धावलो, मग थांबलो, हे तुला सांगतो, तिला सांगू नकोस.

माझी जाड रजई पार्सलने पाठव. इथे डिसेंबरात लागते म्हणे. आजवर कुठल्याच गावी मागवली नव्हती.

आईला नमस्कार. लोभ कमी करू नकोस, मार्चपर्यंत तरी.

तुझा,
उन्मेष